जुनी निगेटिव्ह आणि नवा कॅमेरा

आपल्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या मुलामुलींना अलीकडे छायाचित्रणाचा छंद लागला आहे, ही गोष्ट पालकांच्या लक्षांत आलीच असेल. मोबाईलमध्यें कॅमेरा आल्यापासून फोटो काढणें कोणालाही साध्य झालें आहे. परंतु त्या सर्वांतून दोन-चार मुलें अशीं निघतात कीं, त्यांचें एवढ्यानें समाधान होत नाहीं. चेहरा उजळ आला असतां पाठीमागची भिंत काळी कां पडली, सकाळचें ऊन मऊ आणि दुपारचें कठोर कां दिसतें, असे प्रश्न तीं विचारूं लागतात, आणि लवकरच 'चांगला कॅमेरा घेऊन द्या' असा हट्ट घरीं सुरू होतो. मग पालक शाळेंत येऊन विचारतात, "सर, कोणता कॅमेरा घ्यावा?" या प्रश्नास मी जें उत्तर देतों तें पुष्कळांस चमत्कारिक वाटतें. तें असें कीं, कॅमेरा घेण्यापूर्वीं घरांतील जुनी ट्रंक उघडावी, तिच्यांतील निगेटिव्ह बाहेर काढाव्या, त्यांच्या चांगल्या संगणकीय प्रती करण्यास मुलाला शिकवावें, आणि मग कॅमेऱ्याचा विचार करावा. हें उत्तर मी विचारपूर्वक देतों, आणि त्याचीं कारणें पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें मांडावीं म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम 'हौशी' या शब्दाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. हौशी म्हणजे अर्धवट शिकलेला, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती बरोबर नाहीं. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या प्रारंभींच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. दोघेही व्यवसायानें वैद्य. त्यांपैकीं भाऊ दाजी प्राचीन शिलालेखांचे मोठे व्यासंगी. कॅमेरा हें पोट भरण्याचें साधन नसतांही त्यांनीं त्याकडे गंभीरपणें पाहिलें. राजा दीनदयाळ हे पुढें सहाव्या निजामाचे राजछायाचित्रकार झाले, पण त्यांची सुरुवात इंदूरच्या बांधकाम खात्यांतील नोकरींत झाली होती आणि छायाचित्रण हा त्यांचा फावल्या वेळचा छंद होता. आपलें अंबड १९४८ सालापर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, त्या संस्थानाचें वैभव आज आपल्याला डोळ्यांनीं पाहतां येतें तें बऱ्याच अंशीं त्यांच्या कांचेच्या निगेटिव्हमुळें. दीनदयाळ १९०५ सालीं वारले. तरी त्यांच्या अडीच हजारांहून अधिक कांचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत जतन केलेल्या आहेत. तेव्हां हौशी माणसाची योग्यता त्याच्या यंत्राच्या किंमतीवर ठरत नाहीं. त्यानें काय पाहिलें आणि पाहिलेलें कसें राखलें, यावर ती ठरते.

राखण्याचें महत्त्व किती, हें आपल्या शेजारच्या अजिंठ्यानेंच जगाला शिकविलें आहे. मेजर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें १८४४ च्या सुमारास अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या तैलरंगांतील नकला करण्यास आरंभ केला, आणि आयुष्याचीं सुमारें वीस वर्षें त्या कामीं वेंचलीं. त्या नकला लंडनला गेल्या, तेथील स्फटिकमहालांत मांडल्या गेल्या, आणि १८६६ सालच्या डिसेंबरांत लागलेल्या आगींत बहुतेक सर्व जळून गेल्या. याच गिलनें अजिंठा-वेरूळच्या लेण्यांचीं छायाचित्रेंही घेतलीं होतीं. तीं १८६४ सालीं पुस्तकांत प्रसिद्ध झालीं आणि आजही पाहावयास मिळतात. वीस वर्षांची मेहनत एका रात्रींत गेली, कारण प्रत्येक नकलेची प्रत एकच होती. छायाचित्रें उरलीं, कारण त्यांच्या प्रती अनेक ठिकाणीं होत्या. माझ्या मतें छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमांतील पहिला धडा हाच असावा.

आतां आपल्या घराकडे वळूं. सन १९६० ते १९९० या काळांत आपल्या तालुक्यांतील शिक्षक, तलाठी, दुकानदार, बागाईतदार अशा कुटुंबांतून एखादा तरी साधा कॅमेरा असे. बडोद्यास तयार होणारा आग्फा कंपनीचा 'क्लिक थ्री' हा त्यांतला सर्वांत ओळखीचा. त्याच्या एका रोलवर सुमारें सहा सेंटिमीटर लांबीरुंदीचीं चौकोनी बारा चित्रें येत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' नांवाची देशी फिल्मही त्या काळीं मिळत असे. तो कारखाना आतां बंद पडला आहे. या रोलांवर लग्नें, मुंजी, नाताळ, ईद, नवरात्रांतील मत्स्योदरीची यात्रा, शाळेचें स्नेहसंमेलन, नवी विहीर, पहिला ट्रॅक्टर असें सगळें उतरलें. फोटोचा कागद आल्बममध्यें गेला. निगेटिव्ह मात्र स्टुडिओच्या पाकिटांत किंवा बिस्किटांच्या डब्यांत पडून राहिली.

त्या डब्यांत काय असूं शकतें, याचा एक विचार करावा. अंबडच्या पश्चिमेकडे पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचें धरण १९६५ ते १९७६ या काळांत उभें राहिलें. त्याच्या पाण्याखालीं पुष्कळ गांवें गेलीं. त्या गांवांच्या वेशी, घाट, ओवऱ्या आणि वाडे जसे होते तसे आज पाहावयाचे असतील, तर ते कोणाच्या तरी घरच्या निगेटिव्हवरच पाहावे लागतील. सन १९७२ च्या दुष्काळांतील खडी फोडण्याचीं कामें, किंवा २०१२-१३ च्या दुष्काळांत वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा पूर्वीं कशा बहरत, हेंही तसेंच. ज्या गोष्टींची नोंद सरकारी दप्तरांत आंकड्यांनीं झाली, त्यांचा चेहरा घरोघरच्या डब्यांत आहे. आणि हा चेहरा पुसट होत चालला आहे, ही या लेखांतील सर्वांत तांतडीची गोष्ट होय.

फिल्म टिकाऊ आहे असें आपण धरून चालतों, पण तिचाही ऱ्हास होतो. त्या काळच्या बहुतेक फिल्मचा पाया सेल्युलोज अॅसिटेट या पदार्थाचा असे. उष्णता आणि दमट हवा यांनीं तो कुजूं लागला म्हणजे त्यांतून शिरक्याच्या आम्लाची वाफ निघते. डबा उघडतांच शिरक्याचा आंबट वास आला, तर रोग लागला आहे असें समजावें. ही वाफ कोंडून राहिली कीं कुजण्याचा वेग आणखी वाढतो, म्हणून घट्ट झांकणाचा डबा ही निगेटिव्हची सर्वांत वाईट जागा आहे. फिल्म आकसते, तिला सुरकुत्या पडतात, आणि शेवटीं वरचा थर सुटून येतो. रंगीत निगेटिव्हचे रंग याशिवाय आपोआप फिके पडत जातात. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवरील चित्र चांदीच्या कणांचें असल्यामुळें, नीट धुतलें असेल तर, पुष्कळ अधिक टिकतें. आपल्याकडे वैशाखांत पत्र्याखालच्या माळ्यावर काय उकाडा होतो आणि श्रावणांत भिंतींना कशी ओल येते, हें निराळें सांगावयास नको. निगेटिव्ह माळ्यावरून काढून साध्या कागदाच्या पाकिटांत घालून घरांतील थंड, कोरड्या कपाटांत ठेवणें, एवढें तरी प्रत्येक कुटुंबानें या महिन्यांतच करावें. यास एक पैही खर्च नाहीं.

आतां प्रत करण्याविषयीं. पहिली सूचना ही कीं, आल्बममधील कागदी फोटो मोबाईलनें टिपून काम उरकूं नये. निगेटिव्हमध्यें उजेड-अंधाराच्या जितक्या छटा असतात, तितक्या कागदावर उतरत नाहींत. मूळ लेख हातीं असतां त्याची नक्कल कोण वाचीत बसेल? नेहमींच्या छोट्या फिल्मचें चित्र २४ मिलिमीटर रुंद आणि ३६ मिलिमीटर लांब असतें. फिल्म स्कॅनर तें इंचाला ४,००० ठिपके या प्रमाणांत वाचूं लागला, तर सुमारें ५,६७० गुणिले ३,७८०, म्हणजे दोन कोटी चौदा लाख ठिपक्यांचें चित्र तयार होतें. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हें ध्यानांत ठेवावें. भिंतीवर टांगण्याजोगें मोठें चित्र काढण्यास एवढे ठिपके पुरेसे आहेत.

हें काम तीन रीतींनीं होतें. पहिली रीत खास फिल्म स्कॅनरची. नायकॉन कंपनीचे 'कूलस्कॅन' या बाबतींत नामांकित होते. ते बनविणें कंपनीनें कित्येक वर्षांपूर्वीं बंद केलें, आणि जुने विकत घेतल्यास आजच्या संगणकाशीं जोडतांना अडचण येते. प्लसटेकसारख्या कंपन्यांचे लहान स्कॅनर मात्र नवे मिळतात. दुसरी रीत ज्याच्या झांकणांत दिवा असतो अशा सपाट स्कॅनरची. क्लिक थ्रीची मोठी चौकोनी निगेटिव्ह लहान फिल्म स्कॅनरमध्यें मावत नाहीं, तिला हा उपयोगी पडतो. जाहिरातींत याच्या ठिपक्यांचा जो आंकडा छापतात त्यावर भुलूं नये. प्रत्यक्ष तपशील त्याहून बराच कमी मिळतो.

तिसरी रीत मला शाळेच्या दृष्टीनें सर्वांत सोयीची वाटते, आणि तिच्यामुळेंच निगेटिव्ह व नवा कॅमेरा यांचें नातें जुळतें. दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांचा, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा घ्यावा. तो जुना वापरलेला असला तरी चालेल. त्याला जवळच्या वस्तु टिपणारें मॅक्रो भिंग लावावें. पांढऱ्या प्रकाशाच्या पाटीवर निगेटिव्ह सपाट ठेवावी, खोलींत अंधार करावा, आणि कॅमेरा तिपाईवर पक्का बसवून वरून चित्र घ्यावें. कॅमेरा निगेटिव्हशीं समांतर आहे कीं नाहीं, हें पाहण्यास एक सोपी युक्ति आहे: निगेटिव्हच्या जागीं लहान आरसा ठेवावा, भिंगाचें प्रतिबिंब बरोबर मध्यभागीं दिसलें म्हणजे कॅमेरा सरळ आहे. मग संगणकावर उजेडाचा अंधार आणि अंधाराचा उजेड करून घ्यावा. या कामांत मुलगा भिंग, केंद्र, प्रकाश, स्थिरता या सर्व गोष्टी जितक्या चांगल्या शिकेल, तितक्या शंभर सूर्यास्त टिपूनही शिकणार नाहीं.

धुळीविषयींही एक गोष्ट सांगून ठेवतों. कांहीं स्कॅनर अवरक्त किरणांनीं धूळ व ओरखडे ओळखून आपोआप पुसून टाकतात. रंगीत निगेटिव्हवर हें यंत्र उत्तम चालतें, कारण तिच्यावरील रंगांतून ते किरण पार जातात. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवर तें वापरूं नये. तिच्यावरील चांदी त्या किरणांना अडविते, आणि यंत्र आजोबांच्या मिशांनाच धूळ समजून खोडूं लागतें. तेथें मऊ कुंचला, हवेचा फुगा आणि धीर हीच साधनें खरीं.

येथें दोन पक्ष माझ्याशीं वाद घालतील. पहिला पक्ष म्हणेल, फिल्मच खरी. डिजिटल चित्रांत तो गोडवा नाहीं. फिल्मचे कण आणि तिच्या छटा मनोहर असतात, हें मलाही मान्य आहे. परंतु आज फिल्म महाग आहे, आणि ती धुऊन देणारें दुकान आपल्यासारख्या गांवीं सहजासहजीं सांपडत नाहीं. विद्यार्थ्याला त्या खर्चांत लोटणें मला इष्ट वाटत नाहीं. शिवाय यंत्राचा अभिमान किती व्यर्थ असतो, याचा दाखला कोडॅक कंपनीनेंच घालून दिला आहे. तिच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें १९७५ सालीं पहिला डिजिटल कॅमेरा बनविला. त्याचें चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचें होतें, आणि तें फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. फिल्मच्या व्यापारावर विसंबलेल्या त्या कंपनीला या शोधाचें चीज करतां आलें नाहीं, आणि २०१२ सालीं तिनें दिवाळखोरीचा अर्ज केला.

दुसरा पक्ष म्हणेल, मोबाईल आहे तर कॅमेरा हवाच कशाला? मोबाईलनें उत्तम चित्रें निघतात यांत शंका नाहीं. परंतु मोबाईल बरेचसे निर्णय आपल्याऐवजीं स्वतःच घेतो. आणि शिकावयाचें म्हणजे निर्णय घेण्यास शिकावयाचें. साधा डिजिटल कॅमेरा हातांत घेऊन प्रकाश, वेळ आणि अंतर हीं तिन्ही स्वतः ठरविणारा मुलगा चुकतो, पुन्हां पाहतो आणि सुधारतो. येथें फिल्म आणि डिजिटल यांतील एक भेद ध्यानांत धरावा. निगेटिव्ह फिल्मवर चित्र घेतांना सावलींतील तपशील जपावा लागतो, कारण तेथें प्रकाश कमी पडला तर कांहींच उमटत नाहीं. डिजिटल कॅमेऱ्यांत उलट उजेडाची बाजू जपावी लागते. भर दुपारीं चुन्याची भिंत किंवा पांढरें धोतर एकदां करपलें कीं त्यांतील तपशील पुन्हां मिळत नाहीं. यासाठीं 'रॉ' पद्धतीनें चित्र सांठवावें, म्हणजे मागाहून सुधारणेस जागा राहते. आणि फिल्मच्या काळची शिस्त तेवढी उसनी घ्यावी: रोलमध्यें छत्तीसच चित्रें असत, म्हणून माणूस बटण दाबण्यापूर्वीं थांबत असे. सहलीस जातांना आपणही छत्तीसांची मर्यादा घालून घ्यावी. बाजारांत किंवा यात्रेंत अनोळखी माणसाचें चित्र घेण्यापूर्वीं त्याची अनुमति घ्यावी. गरिबाचा चेहरा ही कोणाच्या छंदाची फुकटची सामग्री नव्हे.

यानंतरची गोष्ट यंत्राची नाहीं, माणसांची आहे. नांव नसलेलें छायाचित्र दोन पिढ्यांत मुकें होतें. फेटा बांधलेला हा कोण, ही विहीर कोणत्या मळ्यांतील, ही मुलगी पुढें कोठें दिली, हें आज सांगणाऱ्या आजी-आजोबांचें वय झालें आहे. अॅसिटेट कुजण्यास कांहीं वर्षें तरी लागतात. माणसाची आठवण त्याहून आधीं जाते. म्हणून प्रत्येक रविवारीं एक पाकीट घेऊन मुलानें आजीजवळ बसावें, मोठ्या पडद्यावर चित्र दाखवावें, आणि ती सांगेल तें लिहून घ्यावें. तीं नांवें, गांव आणि साल संगणकावर त्याच चित्राच्या फाईलमध्यें देवनागरींत लिहून ठेवतां येतात, म्हणजे चित्र कोठेंही गेलें तरी त्याची ओळख त्याच्यासह जाते. आजीच्या तोंडून त्या दिवशीं घरचा जो इतिहास मुलाला ऐकावयास मिळेल, तो कोणत्याही क्रमिक पुस्तकांत छापलेला नाहीं.

प्रत झाली म्हणजे काम संपलें, असेंही समजूं नये. पुण्यांत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत २००३ सालच्या जानेवारींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मला आग लागली आणि आपल्या जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा नाहींसा झाला. राष्ट्राच्या संग्रहाची ही कथा, तर आपल्या घरच्या एका हार्ड डिस्कचा काय भरंवसा? नियम असा ठेवावा: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं, मामाकडे किंवा आत्याकडे. व्हॉट्सअॅपवर साध्या रीतीनें पाठविलेलें चित्र ही प्रत नव्हे. तेथें पाठवितांना चित्र लहान होतें आणि त्याचा तपशील जातो. आणि मूळ निगेटिव्ह कधींही फेंकून देऊं नये. उद्यां याहून चांगलें यंत्र निघेल, तेव्हां पुन्हां तिच्याकडेच जावें लागेल.

पालकांस माझी विनंती अशी कीं, प्रत्येकानें वेगळा कॅमेरा घेण्यापेक्षां दहा घरांनीं मिळून शाळेंत एक प्रकाशपाटी, एक तिपाई आणि एक मॅक्रो भिंगाचा कॅमेरा ठेवावा. जो विद्यार्थी आपल्या घरच्या पन्नास निगेटिव्हच्या प्रती नांवनिशीवार पुऱ्या करील, त्यानेंच पुढें तो कॅमेरा बाहेर न्यावा. गांवांतील ज्या स्टुडिओंचीं दुकानें बंद झालीं असतील, त्यांच्याकडील पेट्या रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांच्या मालकांशीं बोलावें.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस एक कामगिरी सुचवितों. मत्स्योदरीच्या टेकडीवरून, पुष्करणीच्या पायऱ्यांवरून किंवा तुमच्याच मळ्याच्या बांधावरून घेतलेली एखादी जुनी निगेटिव्ह निवडा. तिची चांगली प्रत करा. मग ती हातांत घेऊन, जुन्या छायाचित्रकाराचे पाय जेथें होते ती जागा शोधा, त्याच ऋतूंत, त्याच वेळीं तेथें उभे राहा, आणि नव्या कॅमेऱ्यानें तेंच दृश्य टिपा. झाड कोठें गेलें, पाणी कोठवर होतें, घरें कोणत्या बाजूला वाढलीं, हें दोन्ही चित्रें शेजारीं ठेवल्यावर तुम्हांला दिसेल, आणि तुमच्या पुढच्या पिढीला तिसरें चित्र घेण्यास जागा सांपडेल. अशा दहा जोड्या जरी आपल्या शाळेनें पुढील वर्षाच्या या अंकांत छापल्या, तरी अंबडची ती एक मोठी सेवा होईल. कॅमेरा कोणता घ्यावा, हें त्यानंतर तुम्हींच आम्हांला सांगाल.